निळी पेटी, एकवचनी बोट

१

निवडणूक मुक्त आणि न्याय्य वातावरणात पार पडली, असं आंतरराष्ट्रीय निरीक्षक पथकाने सकाळी जाहीर केलं. थोरल्या साहेबांनी निवेदन वाचलं, पत्रकारांनी उतरवून घेतलं, मागच्या रांगेत कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मग चहा झाला. चहाचे कप धुऊन होईपर्यंत पथकाने सकाळी काहीही जाहीर केलेलं नव्हतं असं ठरलं. पत्रकारांना नुसतं चहाला बोलावलं होतं. नुसतं म्हणजे खरोखरच नुसतं, कारण चहाबरोबरची बिस्किटं कुणाला सापडली नव्हती.

या दोन गोष्टींच्या मध्ये जे घडलं ते असं. निवेदनाचं शेवटचं पान उलटताना थोरल्या साहेबांचं बोट कागदाने कापलं. कागदाने कापलेलं बोट चारचौघांत दाखवण्यासारखं नसतं, पण साहेबांनी ते सगळ्यांना दाखवलं. ते पथकाचे प्रमुख, त्यामुळे सगळ्यांनी ते बघितलंही. मग पट्टी आणायला दुभाष्याला पिटाळलं. देशातला कुणीही माणूस पथकाशी बोलला की ते साहेब लोकांच्या भाषेत सांगायचं आणि साहेब बोलले की ते आपल्या भाषेत, हे दुभाष्याचं काम. पट्ट्या आणणं हे त्याचं काम नव्हतं, पण दोन भाषा येणाऱ्या माणसाला तिसरं कामही येत असणार असं सगळे धरून चालत.

पथक उतरलं होतं त्या हॉटेलात तळमजल्यावर एक कोठीची खोली होती. तिथे नेहमीच्या जागी पथकाची निळी पेटी होती. दुभाष्याने झाकण उचललं. उचललं गेलं नाही. त्याने जोर लावला, तेव्हा झाकणावरची लाल लाख त्याच्या नजरेला पडली. लाखेवर शिक्का होता. शिक्क्याखाली आकडा होता, अकरा. झाकणातल्या फटीतून डोकावलं तर आत घड्या घातलेले कागद गळ्यापर्यंत भरलेले.

ती मतपेटी होती. परवाच्या मतदानातली. न मोजलेली.

पट्टीचं तो विसरून गेला. त्याला दुसरीच एक गोष्ट आठवली, आणि ती त्याने ताबडतोब विसरायला घेतली.

मोजणी अधिकाऱ्यांना फोन लावला गेला. बोलले थोरले साहेब, मधे दुभाषी.

"अकरा नंबर?" मोजणी अधिकारी हसले. "अहो, ती कालच मोजून झाली. सहाशे चौदा मतं. एकही बाद नाही. इतकं नेटकं केंद्र मी नोकरीत पाहिलं नाही."

"पण पेटी इथे आहे."

"मग ती खोटी. केंद्राध्यक्ष बाईंनीच दुसरी पेटी भरून तुमच्या गळ्यात मारलेली दिसते. निवडणूक बदनाम करायला. तुम्ही काळजी करू नका. संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर गुन्हा दाखल होतो. तुरुंग तर आहेच, शाळेतली नोकरीही गेलीच म्हणून समजा."

दुभाष्याने सगळं नीट सांगितलं. गुन्हा सांगितला, तुरुंग सांगितला, संध्याकाळ सांगितली. एकच गोष्ट त्याने सांगितली नाही, कारण ती फोनवर कुणी बोललंच नव्हतं. अकरा नंबरच्या केंद्राध्यक्ष बाई ही त्याची सख्खी मावशी होती, आणि आज सकाळीही तो तिच्याच घरून जेवून निघाला होता.

२

पथकात गुप्तहेर नव्हता. एक सुरक्षा सल्लागार बाई होत्या. या नोकरीआधी त्या विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या खिडकीमागे बसायच्या. उभ्या आयुष्यात त्यांनी इतकी रडणारी माणसं पाहिली होती की कुणी रडायला लागलं की त्या आधी बॅगेचा रंग विचारायच्या. देशी कर्मचारी त्यांना सामानबाई म्हणत. त्यांना वाटायचं की तो काहीतरी मानाचा किताब आहे.

"पेट्या चोरीला जात नाहीत," सामानबाई म्हणाल्या. "पेट्या चुकतात. चोरी हे फार मेहनतीचं काम आहे."

आपली भाषा त्यांना येत नव्हती. शब्द दोनच यायचे, 'चहा' आणि 'नाही'. पथक आलं त्या दिवशी दुभाष्याने सगळ्यांचा एक तास घेतला होता. त्यात त्याने सांगितलं होतं की आमच्याकडे एखाद्याला मान द्यायचा असला की आम्ही त्या एकाचे अनेक करतो. बाकीचे तेव्हा पेंगत होते. सामानबाई जाग्या होत्या. पण त्यांच्याकडे बघून ते कधीच कळत नसे.

चौकशी हॉटेलच्या जेवणघरात बसली. पहिली मावशी आली. खांद्याला तीच कापडी पिशवी, डोळ्यांवर तोच चष्मा. आत आल्या आल्या तिने भाच्याला आपादमस्तक पाहिलं.

"शर्ट खोच."

"काय म्हणाल्या त्या?" सामानबाईंनी विचारलं.

"नमस्कार म्हणाल्या," दुभाषी म्हणाला आणि शर्ट खोचला.

सामानबाईंनी त्याच्या शर्टाकडे पाहिलं.

टेबलावर पेटी ठेवली होती. मावशीने लाखेवरून बोट फिरवलं. चुलीवरून उतरवलेल्या भांड्यावरून फिरवावं तसं, जरा जपून. "ही माझी. शिक्का मीच मारलाय. हा बघ, एका बाजूला लाख ओघळलीय ना? माझा हात थरथरला तेव्हा. दिवसभर पाण्याचा घोट नव्हता घेतला."

"मोजणी अधिकारी म्हणतात, ही तुम्ही नंतर बनवली."

"त्यांना म्हणावं, मला घरी भाकरी करायला वेळ मिळत नाही, मी सहाशे मतं कुठे करत बसू?" मग तिचा आवाज खाली आला. "चिमण्या, त्यांना हेही सांग. एक म्हातारे गृहस्थ आले होते. ओळखपत्र विसरले. मी परत पाठवलं. दुसऱ्यांदा आले ते बायकोचं घेऊन आले. तेही परत पाठवलं. नियम म्हणजे नियम. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. ते मत यात आहे. ही पेटी खोटी म्हटली तर मी त्यांना तीनदा कशाला चालवलं?"

दुभाष्याने हे सगळं सांगितलं. धाप सांगताना त्याला स्वतःलाच धाप लागली.

"पेटी तुमच्या ताब्यातून गेली ती कधी?"

मावशीने पिशवी मांडीवर घेतली. दोन्ही हात पिशवीवर ठेवून बसली. "ते मला सांगता येणार नाही. सील करून पेटी मी व्हरांड्यात ठेवली. ट्रक येणार होता. मी वर्गात गेले आणि फळा पुसत बसले. दुसऱ्या दिवशी मुलं येणार, फळ्यावर उमेदवारांची नावं कशी ठेवायची? बाहेर आले तर ट्रकवाले म्हणाले, निळी पेटी ना, चढवली. मी म्हटलं, बरं झालं." तिने चष्मा काढला. "पाठ फिरवली मी. चूक माझीच."

"तुझी नाही गं," दुभाषी पटकन म्हणाला.

सामानबाईंनी मान वर केली. त्या वाक्यातला एक शब्द त्यांना येत होता.

"नाही?" त्यांनी विचारलं. "त्या इतका वेळ बोलल्या, मग तू बोललास. तुला कुणी प्रश्न विचारला होता का?"

३

मग ड्रायव्हर आला. मतदानाच्या दिवशी थोरले साहेब, दुभाषी आणि ड्रायव्हर असे तिघं पथकाच्या गाडीतून केंद्रं बघत हिंडले होते, आणि त्यांचं शेवटचं केंद्र होतं अकरा नंबर. ड्रायव्हर खुर्चीवर बसला नाही. गाडी सोडून दुसरीकडे कुठे बसलो की मला घेरी येते, म्हणाला.

"पेटी गाडीत कुणी ठेवली?"

"मी ठेवली. जड होती. दोन शिव्याही दिल्या. त्या भाषांतरात घेऊ नका."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"यांनी सांगितलं." ड्रायव्हरने बोट दाखवलं. थेट दुभाष्याच्या खोचलेल्या शर्टाकडे. "मी विचारलं हो, कोणती पेटी? तर यांनी सांगितलं, निळी. म्हटलं, ठीक आहे. निळी तर निळी."

दुभाष्याला त्या क्षणी आपली मातृभाषा फार आवडली. 'यांनी' म्हणजे हा एक मान्यवर, किंवा हे सगळे. व्याकरणाला दोन्ही मंजूर. ज्या मानामुळे ड्रायव्हर त्याला 'याने' म्हणाला नाही, तोच मान त्याने पांघरुणासारखा अंगावर ओढून घेतला.

"तो म्हणतो, त्या लोकांनी सांगितलं," दुभाष्याने भाषांतर केलं.

"कुठले लोक?"

"तिथले. केंद्रावरचे."

हे बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की केंद्रावरचे लोक म्हणजे मावशी. चोर तो, आणि फास त्याने आपल्या हाताने मावशीच्या गळ्यात नेऊन घातला. त्याने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. सामानबाईंना वाटलं असावं की त्याला तहान लागली, म्हणून त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. हा चांगुलपणा त्याला फारच लागला.

दारात ड्रायव्हर थांबला. "भाऊ, मी काही वावगं नाही ना बोललो? निळीच म्हणाला होतात ना तुम्ही?"

"काय विचारतोय तो?" सामानबाई म्हणाल्या.

"गाडी धुऊ का विचारतोय."

"धुऊ नकोस म्हणावं," सामानबाई म्हणाल्या. "आपण आत्ता तिच्यातूनच मोजणी अधिकाऱ्यांकडे जातोय."

४

मोजणी केंद्र एका मोठ्या गोदामात होतं. दारावर पहारेकरी बसला होता. गोदामात गारठा होता, म्हणून त्याने अंगात नारिंगी लाइफ जॅकेट घातलं होतं. जवळपास नदी नव्हती, तलाव नव्हता, पाण्याचा हौदही नव्हता. दुभाष्याने ते पाहिलं. पण मनात पाप असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या अंगावर काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

मोजणी अधिकाऱ्यांनी तिघांना, म्हणजे सामानबाई, थोरले साहेब आणि दुभाषी यांना, फार अगत्याने बसवलं. साहेबांच्या बोटाभोवती आता मोठा हातरुमाल होता. पट्टी अजून मिळाली नव्हती. चहा आला. बशीत चौकोनी खारट बिस्किटं आली.

"घ्या ना. जरा पुठ्ठ्यासारखी लागतात, पण चहात बुडवली की जातात."

सामानबाईंनी एक घेतलं. खाल्लं नाही. उलटून पाहिलं आणि हातातच धरून ठेवलं. "अकरा नंबरची पेटी उघडली तेव्हाचं मला सांगा."

"त्यात काय सांगायचं? सील शाबूत. झाकण उघडलं. मतपत्रिका नीट घड्या घातलेल्या. टेबलावर ओतल्या, मोजल्या. सहाशे चौदा."

"एकही बाद नाही?"

"एकही नाही. हल्ली लोकशिक्षण किती झालंय बघा! तुमच्या संस्थेच्या मदतीनेच झालं म्हणा. पेट्यासुद्धा तुमच्याच. एकदम घाऊक पाठवल्यात, उरल्या तर घरकामाला वापरा म्हणालात." ते मोकळेपणाने हसले. "आणि शंका असेल तर साहेबांना विचारा. साहेब स्वतः टेबलापाशी होते. त्यांची सही आहे."

सामानबाई थोरल्या साहेबांकडे वळल्या. यात भाषांतराची गरज नव्हती, त्यामुळे दुभाष्याला नुसतं ऐकावं लागलं, आणि ते जास्त अवघड होतं.

"तुम्ही पेटी उघडताना पाहिली?"

"मी टेबलापाशी होतो," साहेब म्हणाले.

"मी ते विचारलं नाही."

साहेबांनी रुमालाची गाठ सोडली आणि परत बांधली. "नातवाचा वाढदिवस होता. त्याचा फोन आला. मी त्यांच्याकडे पाठ करून गाणं म्हणत होतो."

दुभाष्याने ते सांगताच मोजणी अधिकाऱ्यांनी गाणं म्हणूनही दाखवलं. चाल त्यांच्या चांगली लक्षात होती.

सामानबाईंनी बिस्किट रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं. मग त्या दुभाष्याला म्हणाल्या, "यांना म्हणावं, संध्याकाळी हॉटेलवर या. गुन्हा दाखल करायचा आहे ना? तिथेच करू. गुन्हेगार तिथेच आहे."

दुभाष्याने 'गुन्हेगार' या शब्दाचं भाषांतर अगदी बिनचूक केलं. त्याला तो शब्द दिवसभर तोंडपाठच होता.

५

संध्याकाळी जेवणघरात सगळे जमले. मावशी पिशवी मांडीवर घेऊन खिडकीपाशी. तिच्या मागे भिंतीला टेकून ड्रायव्हर, उभाच. मोजणी अधिकारी एका पोलिसाला घेऊन आले होते आणि त्याला त्यांनी दाराबाहेर बसवलं होतं. मधे टेबल, टेबलावर निळी पेटी. सामानबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या शेजारी दुभाषी, त्यांचं प्रत्येक वाक्य पोहोचवायला.

"जादा बॅग सापडली की लोक त्या बॅगेकडे बघत बसतात," सामानबाई म्हणाल्या. "मी विचारते, कमी कोणती आहे? सकाळपासून साहेबांना पट्टी मिळत नाही. पत्रकारांना बिस्किटं मिळाली नाहीत. दोन्ही वस्तू पथकाच्या पेटीत असतात. तीही निळी. याच घाऊक मालातली. ती आपण प्रत्येक केंद्रावर बरोबर नेतो. म्हणजे इथे एक पेटी जास्त झालेली नाही. इथे एकीच्या जागी दुसरी आलीय. व्हरांड्यात दोन निळ्या पेट्या शेजारी शेजारी होत्या. मतांची आमच्या गाडीत आली. पट्ट्या, बिस्किटं आणि बोटीच्या प्रवासातली दोन लाइफ जॅकेटं असलेली ट्रकमध्ये चढली, आणि अकरा नंबर म्हणून मोजणीला गेली."

दुभाष्याने सांगितलं. सांगता सांगता त्यालाही ते कळलं. आपल्या शब्दाने एक पेटी इकडे आली एवढंच त्याच्या डोक्यात होतं. दुसरी कुठे गेली हे त्याने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

ड्रायव्हर भिंतीपासून सुटला. "म्हणजे बिस्किटांच्या पेटीतून सहाशे चौदा मतं निघाली?"

"आणि एकही बाद नाही," मावशी म्हणाली. "बिस्किटं शिस्तीची."

सामानबाईंनी पर्समधून बिस्किट काढून टेबलावर ठेवलं. त्यावर पथकाचं चिन्ह उठलेलं होतं. "हे मी तुमच्या बशीतून आणलं. तुमचा पहारेकरी कोरड्या गोदामात लाइफ जॅकेट घालून बसलाय, त्याच्या पाठीवर हेच चिन्ह आहे. तुम्ही आकडा आधी लिहिलात. पेटी नंतर कधीतरी उघडलीत. आत जे सापडलं त्याचा बोभाटा करता येत नव्हता, म्हणून ते पाहुण्यांना वाढलंत."

मोजणी अधिकाऱ्यांचा चेहरा पडला. पण पडलेला चेहरा उचलून घेण्याची त्यांना सवय होती. "बरं. आकड्याचं बघू. पण पेटी बदलली कुणी? आज्ञा कुणाची होती? ड्रायव्हरला केंद्रावरच्या लोकांनी सांगितलं, असं मला कळलंय. केंद्रावर या बाई होत्या."

"मी असं म्हणालोच नाही!" ड्रायव्हर म्हणाला.

"तो असं म्हणाला नाही," सामानबाई म्हणाल्या. ड्रायव्हरचं भाषांतर अजून कुणी केलेलं नव्हतं. "पहिल्या दिवशी या मुलाने आम्हाला शिकवलं की इथे मान दिला की एकाचे अनेक होतात. ड्रायव्हरचा शब्द माझ्यापर्यंत 'त्या लोकांनी' असा आला. शब्द एकाचा की अनेकांचा, मला कळलं नाही. पण त्याने बोटही दाखवलं होतं. बोट एकवचनी होतं."

सगळे दुभाष्याकडे बघायला लागले, कारण भाषांतर यायचं होतं.

"बाई म्हणतात," दुभाषी म्हणाला, "की ड्रायव्हरने कोणती पेटी असं विचारलं, तेव्हा दुभाष्याने निळी असं सांगितलं. साहेबांनी 'आपली निळी पेटी' म्हटलं होतं. दुभाष्याने 'आपली' हा शब्द गाळला."

"दुभाषी म्हणजे तू ना रे?" मावशीने विचारलं.

"हो. म्हणजे ते मीच. पण आत्ता मी भाषांतर करतोय."

"कर. पुढचं कर. का गाळला?"

हा प्रश्न भाषांतरात नव्हता. दुभाष्याने खाली मान घातली. "तू त्या दिवशीही सगळ्यांसमोर मला शर्ट खोच म्हणालीस. पोलीस हसले. मला तिथून लवकर सटकायचं होतं. सकाळी पेटी दिसली तेव्हाच मला कळलं होतं, मावशी. दिवसभर मी मूग गिळून बसलो."

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. मग पेटीकडे. "खुळ्या," ती म्हणाली, "तू शब्द गाळला नसतास तर ही पेटी तिकडे गेली असती. आणि यांनी हीसुद्धा उघडली नसती."

यांनी म्हणताना तिने मोजणी अधिकाऱ्यांकडे बोट केलं. तेही एकवचनी होतं.

६

मोजणी अधिकारी थोरल्या साहेबांना बाजूला घेऊन गेले. दुभाषी मधे होताच. त्यांचं म्हणणं सोपं होतं. निकाल लागलेला आहे, तो परत घेता येत नाही. साहेबांची सही आहे, तीही परत घेता येत नाही. मग भांडण कशासाठी? पथकाने एवढंच मान्य करावं की ही निळी पेटी पथकाचं सामान आहे. पथकाबरोबर ती बोटीने परत जाईल, देणगीदार संस्थेच्या गोदामात पडून राहील. गुन्हा मागे. बाईंची नोकरी शाबूत. फक्त बाईंची हरकत नको. हरकत असेल तर पोलीस बाहेर बसलेलाच आहे. मी खाली चहा घेतो, तोवर कळवा.

ते गेले. जेवणघरात उरले साहेब, सामानबाई, मावशी आणि दुभाषी. ड्रायव्हर घेरी येऊन गाडीत जाऊन बसला होता.

"मी तुला स्पष्ट सांगते," सामानबाई दुभाष्याला म्हणाल्या. "ती तुझ्या नात्यातली आहे हे मला दिसलंय. तिची हरकत असेल तर मी आजच अहवाल पाठवते. पेटी जगासमोर उघडावी लागेल. पण आज रात्री ते तिला घेऊन जातील, आणि ते मला थांबवता येणार नाही. कधी सोडतील तेही सांगता येणार नाही. हे तिलाच ठरवू दे. विचार तिला."

साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. पाठ करून उभं राहणं त्यांना चांगलं जमत होतं.

दुभाषी मावशीसमोर बसला. तिचा हात पिशवीच्या बंदाशी चाळा करत होता. हाच हात लाख ओतताना थरथरला होता. तिला काय विचारायचं ते त्याला माहीत होतं, आणि ती काय म्हणणार तेही. 'तुला मान्य आहे का' असं विचारलं तर ती 'नाही' म्हणेल. 'नाही' सामानबाईंना कळायचं.

"मावशी," तो म्हणाला, "ही पेटी त्यांच्या सामानात जाणार म्हणतायत. तुझी हरकत आहे?"

"आहे!" मावशीने मान जोरात खालीवर हलवली. एकदा नाही, तीनदा. "आहे म्हणजे आहे. सांग त्यांना."

दोन परदेशी माणसांनी ती मान पाहिली. इतकं ठाम हो त्यांनी या देशात पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"त्या हो म्हणतात," दुभाषी म्हणाला. "जाऊ दे म्हणतात."

सामानबाईंनी मावशीकडे बराच वेळ पाहिलं. मग खांदे खाली सोडले आणि पेटीला सामानाची चिठ्ठी बांधायला घेतली. मावशीला वाटलं, पुरावा म्हणून बांधतायत. ती समाधानाने उठली. तोवर खाली निरोप पोहोचला होता आणि दाराबाहेरचा पोलीस जांभई देत निघून गेला होता. ते बघून तिला वाटलं, घाबरले.

"बघितलंस?" जिना उतरताना ती म्हणाली. "माणसाने सरळ बोललं की असं होतं. तू सांगितलंस ना नीट?"

"सांगितलं."

पथक गेलं. निवेदन नव्याने निघालं. त्यात 'साहित्याच्या वाहतुकीत किरकोळ अदलाबदल' असे शब्द होते, आणि त्यांचं भाषांतर दुभाष्यानेच केलं. मावशी शाळेत जाते. संध्याकाळी घरी आली की चांगले कपडे कपाटात ठेवत नाही, दाराजवळच्या खुर्चीवर घडी करून ठेवते. पेटी उघडताना केंद्राध्यक्ष हजर लागतो असा नियम आहे, तेव्हा बोलावणं कधीही येईल. त्या म्हाताऱ्या गृहस्थांना ती रस्त्यात भेटली तेव्हा तिने सांगून टाकलं की तुमचं मत सुखरूप आहे, आता मोजतीलच. त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"आलं का रे बोलावणं?" ती जेवताना विचारते.

"कागद फिरतोय, मावशी."

"फिरू दे. सरकारी कागद आहे, त्याला चक्कर येत नाही." आणि ती त्याच्या ताटात वाढते, आधी त्याच्या, मग स्वतःच्या. तो खाली मान घालून खातो. शेवटी एक दिवस त्याला घास गिळवेना, तेव्हा तो उठला आणि त्याने दोन्ही भाषांत अर्ज लिहिला.

प्रति, गोदाम व्यवस्थापक, देणगीदार संस्था यांस.

विषय: निळी पेटी (नग एक) परत मिळण्याबाबत.

महोदय, उपरोक्त पेटी पथकाचे सामान म्हणून आपल्याकडे जमा आहे. तीत सामान नसून मते आहेत. पेटी नेण्यास केंद्राध्यक्षांची संमती असल्याचे आपल्या पथकास तोंडी कळविण्यात आले होते. सदर भाषांतर चुकीचे आहे. केंद्राध्यक्षांनी मान हलविली ती हरकत असल्याचे सांगण्यासाठी. ही बाब अद्याप केंद्राध्यक्षांना कळविलेली नाही. तरी सदर पेटी सील न मोडता, पहिल्या बोटीने परत पाठवावी. ती केंद्राध्यक्षांच्या हस्ते, त्यांच्याच वर्गात, मतदारांच्या समक्ष उघडून मोजण्यात यावी. आणि त्या प्रसंगी केंद्राध्यक्ष जे काही बोलतील ते समजून घेण्यासाठी प्रस्तुत अर्जदाराखेरीज अन्य कोणत्याही दुभाष्याची नेमणूक करावी, ही नम्र विनंती.